कोरा पासपोर्ट: तासगाव ते वीसलोख, १५ वर्षं लेट झालेल्या ट्रिपचा ८डी

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला आहे. कस्टमरची कंप्लेंट आली की आमच्याकडे ८डी लिहायला बसवतात, म्हणजे काय बिघडलं, कधी बिघडलं, तात्पुरतं काय केलं, मूळ कारण काय, परत होऊ नये म्हणून काय करणार, असं सगळं ओळीनं. बारा वर्षांत शे-दोनशे तरी लिहिले असतील, आणि खरं सांगायचं तर त्यातले निम्मे कॉपी-पेस्ट, ‘ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं’ हे वाक्य तर आता बोटांनाच पाठ झालंय. घरच्या एका प्रकरणाचा मात्र कधी लिहिला नव्हता, तो आता लिहितोय. फॉर्मॅट पाळणार नाही हे आधीच सांगून ठेवतो.

प्रॉब्लेम एका ओळीत असा: २००९ ला ठरलेली जर्मनीची ट्रिप २०२४ ला झाली. आणि पैसे नव्हते म्हणून लांबली असं सगळे नातेवाईक समजतात, ते चूक आहे, त्यावर नंतर येतो.

आता आधी बॅकग्राउंड. अण्णांचं तासगाव-विटा रोडला गॅरेज. मोठ्या गाड्यांचं नाही, लुना, एम-८०, सीडी हंड्रेड, आणि द्राक्षाच्या सीझनला फवारणीचे एचटीपी पंप, ते तर रात्री अकराला पण घेऊन यायचे लोक कारण सकाळी डावणीचा स्प्रे चुकला तर बाग गेली. मी शाळेतून आलो की तिथंच, त्यामुळे २००७ ला बारावी होऊन पुण्याकडं मेकॅनिकलला ॲडमिशन मिळाल्यावर गावात सगळ्यांना वाटलं, हा तर आत्ताच अर्धा इंजिनियर आहे. मलाही तसंच वाटलेलं. वर्कशॉपला फिटिंगचा जॉब आला तेव्हा पोरं हॅकसॉ धरायला शिकत होती आणि माझा जॉब पहिल्या दिवशी फिट, मेल-फिमेल असा बसला की फटीतून उजेड दिसेना. सर म्हणाले, कुणाकडून करून आणला?

पण मग एम-टू आलं, म्हणजे फर्स्ट इयरचा गणिताचा दुसरा पेपर. ज्यांनी केलंय त्यांना कळेल, बाकीच्यांना एवढंच सांगतो की त्यात डबल इंटिग्रेशनला ‘ऑर्डर बदला’ असं एक गणित असतं, आधी आडवी पट्टी घेतलेली असते ती उभी घ्यायची आणि त्याप्रमाणे लिमिट बदलायच्या, त्यासाठी तो एरिया डोक्यात दिसावा लागतो. मला टॅपेट आवाजावरून कळायचा पण तो एरिया दिसायचा नाही. ड्रॉइंगच्या शीट जीटी मारून निघायच्या, म्हणजे काचेखाली ट्यूबलाइट लावून दुसऱ्याची शीट ट्रेस करायची, जर्नलं पण अशीच निघायची, सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलला चार जण आणि एक काच. गणिताला जीटी नसते. पहिल्यांदा ३६, डिसेंबरला ३३, मे २००९ ला ३९. पासिंग ४०. पेपर रीचेकिंगला टाकला, ‘नो चेंज’. आणि आमच्या वेळी नियम असा की फर्स्ट इयरचा एकही विषय मागं राहिला असेल तर थर्ड इयरला पाय ठेवता येत नाही, बाकी सेकंड इयर सगळं निघालेलं असलं तरी. एका मार्कानं वायडी, म्हणजे इयर डाउन, एक वर्ष वाया.

वायडी लागला की पोरं दोन गोष्टी करायची, एक तर पुण्यातच रूम घेऊन ‘क्लास लावलाय’ असं घरी सांगायची नाहीतर घरी जायची. मी घरी गेलो. एसटी स्टँडवरून सरळ गॅरेजला, कारण घरी आई काय बोलेल ते माहीत होतं. अण्णांनी वर बघितलं, रिझल्ट विचारला नाही, तो त्यांना आधीच कळलेला. हातात १०-११ चा पाना दिला आणि म्हणाले, “त्या एम-८० चं हेड खोल.” बास. त्या वर्षी त्या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं, म्हणजे त्यांच्या बाजूनं.

संध्याकाळी मी सायबर कॅफेत जायचो, एम-टूचे सोडवलेले पेपर शोधायला असं सांगून. तिथं एकदा बर्था बेंझबद्दल, म्हणजे मोटार बनवणाऱ्या कार्ल बेंझच्या बायकोबद्दल, वाचलं. तिनं गाडी चालवली त्या रस्त्याला आदल्याच वर्षी, २००८ ला, अधिकृत स्मारक मार्ग केलेला. कार्ल बेंझनं १८८६ ला पेटंट घेतलं, तीन चाकी गाडी, एक सिलिंडर, पाऊण हॉर्सपॉवर, स्पीड ताशी १६ किलोमीटर. पण कुणी घेईना. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची बायको नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला आईकडं निघाली, शंभरावर किलोमीटर. वाटेत पेट्रोल पंप नाही कारण जगात कुठंच नव्हता, इंधन म्हणून लिग्रोइन लागायचं, ते डाग काढायला औषधाच्या दुकानात मिळायचं, ते वीसलोख गावात घेतलं. इंधनाची नळी चोक झाली तर टोपीची पिन घालून मोकळी केली. वायर उघडी पडली तर मोज्याचा इलॅस्टिकचा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले तर चांभाराकडून चामडं ठोकून घेतलं. चढाला पोरांनी उतरून ढकलली, आणि घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं की चढासाठी एक गिअर वाढव.

हे मी अण्णांना दुसऱ्या दिवशी दुपारी सांगितलं, डबा खाताना. पिनच्या ठिकाणी ते म्हणाले, “आपुन क्लचची तार घालतो.” पट्ट्याच्या ठिकाणी म्हणाले, “सायकलची ट्यूब.” चामड्यावर थोडं थांबले. मग एकदम, “ती बाई पास झाली म्हनायची.” आणि भाकरीचा तुकडा मोडत, “ते औषधाचं दुकान हाय का रं अजून?”

म्हटलं इमारत आहे, बाहेर पाटी आहे.

“मग बघाय पायजे येकदा.”

आणि मी म्हणालो, “अण्णा, हा राहिलेला विषय निघाला की तुम्हाला नेतो.”

हे वाक्य लक्षात ठेवा. डिफेक्ट इथं तयार झाला.

डिसेंबरला एम-टू निघाला, ४७. आता वाक्याप्रमाणं जायला पाहिजे होतं, पण साहजिकच हॉस्टेलच्या पोराकडं कुठले पैसे, तेव्हा म्हटलं डिग्री तर होऊ दे. इथवर कुणाचीच चूक नाही. २०१२ ला बीई झालं, ॲग्रिगेट ५८.४. फर्स्ट क्लास ६० ला, आमच्याकडं ५५ ते ६० ला हायर सेकंड क्लास म्हणतात, नाव असं की ऐकणाऱ्याला वाटावं काहीतरी चांगलंच आहे.

त्याच काळात आमच्या बॅचला एमएसचं वेड लागलेलं. अमेरिका श्रीमंतांच्या पोरांची, जर्मनी आमची, कारण तिथल्या सरकारी विद्यापीठांना तेव्हा फी जवळपास नव्हतीच. मला वाटलं, झालं, एका दगडात दोन पक्षी, मी शिकायला जातो आणि अण्णा मला भेटायला येतील. मग कळलं की तिथं आपले मार्क त्यांच्या ग्रेडमध्ये बदलून बघतात, त्याला बव्हेरियन फॉर्म्युला म्हणतात: १०० मधून आपले मार्क वजा करायचे, त्याला ६० नं भागायचं (१०० वजा पासिंगचे ४०), तिनानं गुणायचं, एक मिळवायचा. तिथं १ सगळ्यात भारी, ४ म्हणजे काठावर पास. माझं आलं ३.०८. बऱ्याच ठिकाणी २.५ च्या आत लागायचं आणि २.५ ला आपल्याकडचे ७० टक्के लागतात. हे गणित मी कमीत कमी वीस वेळा केलं असेल, जणू काही परत केलं की वेगळं उत्तर येणार होतं. वर ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे वर्षाच्या खर्चाचे तेव्हाचे आठ हजार युरोच्या आसपास आधीच खात्यात दाखवायचे. अण्णा म्हणाले, रोडकडचे दोन गुंठे काढू. मी नको म्हटलं आणि कारण पैशाचं सांगितलं. ३.०८ चं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही, हे ते वाचणार नाहीत.

नोकरी लागली, ट्रेनी, हातात अकरा हजार. २०१३ ला मी आमचे दोघांचे पासपोर्ट काढले. माझा पुण्यात मुंढव्याला निघाला, अण्णांना जन्माचा दाखला नव्हता पण शाळा सोडल्याचा दाखला चालला. त्यांच्या पोलीस व्हेरिफिकेशनला आलेल्या हवालदाराची बुलेट आमच्याकडंच असायची. ३६ पानांची निळी पुस्तकं, आईनं ती साडीच्या दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात ठेवली, दागिन्यांच्या कप्प्यात. त्या दिवशी मला वाटलेलं की निम्मं काम झालं.

पुढचं भराभर सांगतो कारण प्रत्येक वेळी तेच झालं. नोकरी कन्फर्म झाली की. मग २०१६ ला कंपनीतून एका मशीनच्या ट्रायलला दोघांना जर्मनीला पाठवायचं ठरलं, त्यात माझं नाव होतं, नेमकं त्या आठवड्यात ऑडिट, दुसरा गेला आणि येताना चॉकलेट घेऊन आला. म्हटलं ऑनसाईटला पुढच्या वेळी नंबर लागला की अण्णांना जोडून घेऊ. मग लग्न झालं की. मोशीच्या फ्लॅटचा ताबा मिळाला की. २०२० च्या जानेवारीत हिनंच वैतागून एप्रिलची तिकिटं काढायला लावली, ती काढली, आणि २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय विमानं बंद. ते पैसे क्रेडिट शेलमध्ये गेले, म्हणजे परत मिळत नाहीत पण ठरावीक मुदतीत पुढच्या तिकिटाला वापरता येतात. ती मुदत कधी संपली मला कळलंच नाही, मेल आलेला होता, न वाचलेल्या चार हजार मेलमध्ये. इथं मात्र चूक शंभर टक्के माझी, कोविडची नाही.

कोविड सोडला तर एकही कारण असं नाही की जे आमच्या दारात बाहेरून आलं. हे मला तेव्हा दिसलं नव्हतं. दिसलं ते २०२३ ला.

दहा वर्षं झाली, पासपोर्ट संपले. रीइश्यूला टाकले, नवे आले आणि जुने रद्दचा शिक्का मारून परत मिळाले. मी ते घेऊन गावी गेलो. अण्णा तोवर गॅरेज अर्ध्या वेळेचंच करत होते, कॉम्प्रेसर विकलेला, हाताखाली एक पोरगा. त्यांनी चष्मा लावून जुना पासपोर्ट उघडला, अंगठ्याला थुंकी लावून एकेक पान उलटलं, उधारीची वही बघतात तसं, ३६ च्या ३६ पानं. मग माझाही घेतला. तोही तसाच.

“वही संपली,” म्हणाले, “पर लिवलं काईच न्हाई की रं.”

रागावून नाही हां. खरंच आश्चर्य वाटून. मला त्याक्षणी एम-टूच्या ३९ पेक्षा जास्त लाज वाटली.

पुण्याला आल्यावर रविवारी एक्सेल उघडलं. सवय. वर्ष, काय कारण दिलं, तेव्हा खात्यात किती होते, आणि ते कारण नसतं तर गेलो असतो का. पैशाच्या कॉलममध्ये २०१५ नंतर एकही वर्ष असं नाही की दोघांचं तिकीट निघालं नसतं. २०१७ ला तर मी ६० हजारांचा एसी घेतला आणि वर गोव्याच्या दोन ट्रिपा केल्यात. म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात आवडतं मूळ कारण, बजेट, ते बाद.

मग व्हाय-व्हाय केलं. का लांबलं? कारण दर वेळी काहीतरी आधी व्हायचं होतं. का व्हायचं होतं? कारण मी ट्रिप त्याला बांधली होती. प्लॅनिंगवाले एका कामाला दुसरं काम ‘फिनिश टू स्टार्ट’ असं जोडतात, म्हणजे हे संपल्याशिवाय ते सुरूच होणार नाही. प्लेटिंगच्या आधी मशीनिंग झालंच पाहिजे, हे जोडणं खरं आहे. पण एम-टू आणि जर्मनी, ताबा आणि जर्मनी, यांच्यात काय जोडणार? काहीच नाही, ती रेघ मी २००९ ला डबा खाताना ओढली आणि मग प्रत्येक नवीन काम आलं की त्याच्यामागं तीच ट्रिप सरकवत गेलो. बक्षीस म्हणून ठेवली ना, की बक्षिसाचं असंच होतं, आधी अजून एक लायकी सिद्ध करायची.

८डीत अजून एक प्रश्न असतो जो लोक विसरतात: बिघडलं का हे ठीक, पण सापडलं का नाही? दहा वर्षं कुणालाच कसं दिसलं नाही? तर पासपोर्ट दागिन्यांच्या कप्प्यात होते. अण्णांनी विचारलं नाही कारण पोराला जड जाईल. मी विषय काढला नाही कारण काढला की तारीख सांगावी लागेल. आई अधूनमधून पिशवी झटकून परत ठेवायची. यालाच आमच्याकडं इन्स्पेक्शन झालं असं लिहितात.

एवढं करून मी खूश होतो. हिला दाखवलं. तिनं दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाली, “हे सगळं बरोबर आहे, पण खोटं आहे. तुला जायचंच नव्हतं. तिकडे गेलास की तुला ते एमएस आठवणार, म्हणून तू कारणं शोधत होतास. अण्णांचं नाव पुढे करू नकोस.” मी म्हटलं तसं काही नाही. ती म्हणाली बरं.

तर ॲक्शन. एक्सेलमधलं सगळं पुसून २०२४ च्या जुलैत फक्त तारीख लिहिली, २० सप्टेंबर, शुक्रवार. गणपती १७ ला उठत होते, म्हणजे तेवढी एक रेघ राहिलीच, पण ती आईनं ओढलेली. मी आणि अण्णा दोघंच. आई म्हणाली मला गुडघ्यानं होत नाही, ही म्हणाली पोराची शाळा आहे आणि मला जर्मनी नको, जपान पाहिजे, ते मी वेगळं बघेन. ठरवल्यापासून विमानात बसेपर्यंत अकरा आठवडे लागले. अकरा आठवडे! १५ वर्षांत असे किती वेळा अकरा आठवडे बसले असते ते काढायला नको.

शेंगेन व्हिसाचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालतो त्या व्हिसाचं, लोक उगाच बागुलबुवा करतात. माझे तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, सॅलरी स्लिप, कंपनीचं एनओसी, किमान ३० हजार युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स, राहण्याचं बुकिंग, दिवसवार प्लॅन, आणि अण्णांचा खर्च मी करणार असं पत्र. फी त्याच वर्षी जूनमध्ये ८० ची ९० युरो झालेली, माणशी. कागद सगळे होते. अडलं ते भलत्याच ठिकाणी.

बोटांचे ठसे. अण्णांनी मशीनवर चार बोटं ठेवली, लाल. परत ठेवली, लाल. काउंटरवरची मुलगी म्हणाली काका जरा दाबा, त्यांनी असं दाबलं की मशीन सरकलं, तरी लाल. पन्नास वर्षं ऑइल, पेट्रोल, एमरी पेपर आणि वॉल्व्ह लॅपिंगची पेस्ट, बोटांवर रेघाच नाहीत राहिलेल्या, नुसती गुळगुळीत, मधे एखादी काळी चीर. तिनं ओला टिश्यू दिला, मग क्रीम दिलं, मग हात गरम करायला सांगितले. मागं लाइन वाढत चाललेली. अण्णा शांतपणे मला म्हणाले, “पिस्टन झिजलाय, रिंगा बदलल्या तरी काम्प्रेशन येनार न्हाई.” शेवटी वीसेक मिनिटांनी एकेक बोट सुटं सुटं घेऊन तिनं ते बसवलं, त्या मुलीचे खरंच आभार. सतरा दिवसांनी पासपोर्ट आले, पहिल्या कोऱ्या पानावर व्हिसाचा स्टिकर.

बॅगेवरून घरी भांडण झालं कारण आईनं तुपातले बेसनाचे लाडू केलेले आणि युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तूपसुद्धा. लाडू मोशीत राहिले. शेंगदाण्याची चटणी, दशम्या आणि तासगावचा बेदाणा गेला.

शनिवारी फ्रँकफर्टला उतरलो, तिथून मानहाइम. या गावाचा मधला भाग असा आहे की रस्त्यांना नावंच नाहीत, चौकोनांना अक्षर आणि नंबर, टी ६, क्यू ३ असं. मी नकाशा उलटासुलटा करत होतो, अण्णांना पाच मिनिटांत कळलं. “एमआयडीसी हाय ही. भोसरीला नाय का, जे ब्लॉक, टी ब्लॉक.” बेंझचा कारखाना होता तो टी ६ मध्ये. म्हणजे अण्णांच्या हिशोबानं जगातली पहिली मोटार भोसरी टी ब्लॉकमध्येच बनली.

रविवारी वीसलोख. लोकलसारखी एस-बान आहे, स्टेशनचं नाव वीसलोख-वालडोर्फ, आणि वालडोर्फ म्हणजे सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं हेडऑफिस. आमच्या बॅचचा एक जण तिथंच असतो, गेली नऊ वर्षं. इन्स्टाग्रामवर त्याचं घर, बाग, सगळं माहीत आहे मला. मी त्याला कळवलं नव्हतं. स्टेशनवर उतरलो तेव्हा फोन हातात घेतला आणि खिशात ठेवला. बायको म्हणते तेच असेल कदाचित. नाहीतर रविवार होता, कशाला त्रास.

स्टेशनपासून जुनं गाव लांब आहे, बसनं गेलो. रविवारी तिकडं दुकानं बंद म्हणजे बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. अण्णा म्हणाले, “संप हाय काय?” औषधाचं दुकान सापडलं, छोटंच, समोर बर्थाचं स्मारक, तिथं लिहिलेलं जगातला पहिला पेट्रोल पंप. बाकीची पाटी अण्णा वाचू शकत नव्हते, मी पण नाही. त्यांनी दुकानाच्या दारापासून रस्त्यापर्यंत पावलं मोजली. का ते विचारलं तर म्हणाले, गाडी कुठं उभी केली आसंल ते बघतोय. मग पायरीवर बसून आम्ही दशमी-चटणी खाल्ली. १५ वर्षं वाट बघितलेली जागा म्हणून मला काहीतरी वाटेल असं वाटलेलं, वाटलं एवढंच की चटणीला तेल पाहिजे होतं. अण्णांनी विचारलं, इथं आता पेट्रोल काय भाव? फोनवर बघून म्हटलं दीडशेच्या वर पडतं आपल्या पैशात. “मग ती बाई सवस्तात गेली.”

सोमवारी श्टुटगार्ट, मर्सिडीजचं म्युझियम. सोमवारी ते बंद असतं. माझा प्लॅन दिवसवार व्हिसाला जोडलेला, कुणीही ते पकडलं नाही, ना मी, ना व्हिसावाल्यांनी. मंगळवारी परत गेलो. लिफ्टनं सगळ्यात वर नेतात आणि मग गोल गोल खाली उतरत यायचं, वर दार उघडल्यावर पहिल्यांदा गाडी नाही, घोडा उभा आहे. त्याच्या पुढं १८८६ ची गाडी.

अण्णा तिथं सव्वा तास उभे होते, मी फोनवर वेळ बघितली म्हणून सांगतो. बाकीचे शे-दीडशे गाड्यांचे मजले आम्ही नंतर चाळीस मिनिटांत उरकले. ते वाकून मागून बघत होते, तिथं फ्लायव्हील आहे, मोठं, आणि आडवं, जात्यासारखं. “ह्ये आडवं का ठिवलंय?” आता हे मला माहीत होतं! बेंझला भीती होती की एवढं जड चाक उभं फिरलं तर वळताना स्टेअरिंगला त्रास देईल. थर्ड इयरला टीओएममध्ये, म्हणजे थिअरी ऑफ मशीन्समध्ये, असतं हे, गायरोस्कोपिक कपल, जहाज वळलं की पुढचा भाग उचलेल की दबेल असली गणितं. मी सुरू केलं, स्पिन ॲक्सिस, प्रिसेशन ॲक्सिस, उजव्या हाताचा नियम, बोटं वळवून दाखवतोय. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, “सायकलचं चाक धुऱ्याला दोन हातानं धरून फिरवायचं आन वळवायचं. हातातनं पळतंय. त्येच ना?”

तेच. पाच मार्कांचा प्रश्न होता तो, मी पाठ करून गेलो होतो, मला हात लावून बघायचं कधी सुचलं नव्हतं. आणि चाक मीच लहानपणापासून धरलंय त्यांच्या गॅरेजात.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगतो, दोघांचं सगळं मिळून दोन लाख नव्वदच्या आत-बाहेर, त्यात तिकिटं एक लाख चौदा. जर्मनीतला प्रवास तेव्हाच्या ४९ युरोच्या महिन्याच्या पासवर, त्यात लोकल-रीजनल गाड्या, बस, सगळं. पण तो पास दर महिन्याला आपोआप चालू राहतो आणि बंद करायचा तर १० तारखेच्या आत कळवावं लागतं. मी घेतलाच १० तारखेनंतर, त्यामुळे ऑक्टोबरचे पण ४९-४९ गेले, आम्ही तोवर तासगावात. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, मग ऑक्टोबरात परत जायाचं का?

नवा पासपोर्ट आता दागिन्यांच्या कप्प्यात नाही, गॅरेजच्या ड्रॉवरमध्ये आहे, प्लग आणि गॅसकिटांच्या बरोबर. गिऱ्हाईक आलं की निघतो. फ्रँकफर्टचा शिक्का जरा पुसट उठलाय, तो अण्णा उजेडाकडं धरून दाखवतात. आता युरोपात शिक्के बंद होत चाललेत, २०२५ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं कॉम्प्युटरवर नोंद सुरू झालीय, म्हणजे अजून एखादं ‘हे झालं की’ केलं असतं तर हा पण मिळाला नसता. पानाला ऑइलचा अंगठा लागलाय, त्यामुळे पुढच्या व्हिसाला कुणी काही बोलेल का याची मला काळजी आहे.

वालडोर्फच्या मित्राला अजून फोन केलेला नाही. मूळ कारणाच्या रकान्यात त्यामुळे दोन ओळी आहेत, एक माझी, एक हिची. ऑडिटरनं असा ८डी पहिल्या झटक्यात परत पाठवला असता, एकच लिही म्हणून. मी दोन्ही ठेवल्यात.